जीभ तुटलेली वायर

कोपऱ्यात लाल फुली.
केबल जोडलेली नाही म्हणे.
अरे, जोडलेली आहे की! हे बघ, हातात आहे माझ्या.

बंद करून चालू केला. आधी राऊटर, मग हा.
तीसपर्यंत मोजायचं असतं, मी अठरालाच दाबलं.
ह्या टोकाचं त्या टोकाला लावून झालं,
दुसरं भोक, तिसरं भोक.
बाकीचे दिवे लुकलुकतात,
माझा तेवढा मेलेला.

कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन.
उगीच तीन दाबून बघितलं.
मग एक.
"आपण रांगेत आहात" एवढं कळतं मला कन्नडात,
वडगावात जन्म गेला.

सहाच्या आत पदराची नक्षी जायला हवी,
नाहीतर व्यापारी दुसरीकडून घेणार.
भिंतीपलीकडे माग धडधडतोय,
टेबलावरचा चहा गोल गोल थरथरतो.
आणि मग दिसलं:
दर ठोक्याला वायर
केसभर मागं येतेय.

उपसून बघितली.
खटक्यात अडकणारी प्लास्टिकची जीभच नाही.

सिद्रामप्पा माग थांबवून आले,
हाताला खळीचा वास.
चष्मा कपाळावर ढकलून वायर डोळ्यांजवळ धरली,
कांडीवरचा उरलेला जांभळा दोरा काढला,
तीन वेढे, विणकराची गाठ,
दातानं टोक तोडलं.

"बंता?"

हिरवा. एकदा विझला. पुन्हा हिरवा.

"बंतु," मी म्हटलं.

ते गेले, माग सुरू झाला,
टेबल हलायला लागलं.
मी त्या जांभळ्या गाठीकडेच बघत बसले,
सहाला चार मिनिटं कमी होईपर्यंत.