तिसरा नट

या ट्रॅक्टरला पायाचा क्लच नाही.
उजव्या हाताशी एक लांब दांडी,
पुढं ढकलली की चालतो, मागं ओढली की थांबतो.
दोन सिलिंडर, रॉकेलचा वास,
आणि मुस्तीच्या शिवारात आमच्याशिवाय
त्याला कुणी ट्रॅक्टर म्हणत नाही.
म्हणतात, ते धूड.

अकरा वर्षं शेडमध्ये उभा होता,
पुलीवर कोंबड्या झोपायच्या.
दिवाळीच्या सुट्टीत मी म्हणाले, चालू करायचा.
तात्या शेंगा फोडत होते.
फोडत राहिले.

साखर पेठेतून मल्लेशम आला,
बंद मिलचा फिटर, सत्तरीचा,
पिशवीत कडक भाकरी, खिशात फीलर गेज.
पुलीचं झाकण काढलं आणि आधी वास घेतला.
"लायनिंग तेल प्यालंय, बाई.
प्यालेला कुणाला धरून ठेवतो का?"

मग दोन दिवस
जुने रिव्हेट फोडले, प्लेटा रॉकेलात भिजवल्या,
सील बदललं,
अक्कलकोट रोडवरून स्प्रिंगा आणल्या, एका उंचीच्या.
माझ्या नखांत ग्रीस बसलं ते बसलंच.
शेवटी तीन नट.
एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडं जायचं नाही,
थोडा हा, थोडा तो.
"ओकटी," म्हणायचा मल्लेशम, "रेंडू, मूडू,"
आणि पुन्हा ओकटी,
त्याची आई ताणा मोजायची तशा सुरात.

पण दांडी बसेना.
चांगली दांडी पुढं जाताना आधी अडते,
हात मागं सारते,
मग एकदम उलटते: टक.
ही कणकेत मूठ जावी तशी जायची.
पट्टा चढवला, पुली फिरली,
चक्कीत ज्वारी पडली की घसरली,
शेडभर जळक्या केसांचा वास.
आवळलं तर दांडी ओढूनही पुली थांबेना,
गिअर दात खायचा.
सैल केलं की पुन्हा कणीक.
मल्लेशमनं कपाळाला हात लावला,
तिथं काळा नाम उमटला.

तिसऱ्या दिवशी उन्हं उतरताना
तात्यांनी मांडीवरची टरफलं झटकली.
"तो पैसा कुठाय?"
कुठला पैसा?
"भोकाचा. तिसऱ्या बोटाखाली होता."

भंगाराच्या डब्यात सापडला,
फुटक्या रिव्हेटांच्या खाली,
काळा, एका कडेनं झिजून पानासारखा.
"धोत्रीत मळणी होती. रात्रीची.
बोट झिजलेलं, सोलापूर लांब.
तुझ्या आईच्या बटव्यातला घेतला.
म्हणालो, सकाळी बदलू."
कधीची गोष्ट?
"तू नव्हतीस."
मग तीन दिवस सांगितलं का नाही?
"विचारलं कुणी?"

मल्लेशम हसला नाही.
पैसा पुसला, तीन जागी मायक्रोमीटर लावला,
आकडा सिगारेटच्या पाकिटावर लिहिला.
"काम खोटं, माप खरं," म्हणाला.
"पैसा नाही लावायचा. माप लावायचं."
दुसऱ्या दिवशी लेथवरून वॉशर आला,
पोलादी, चकचकीत,
झिजेएवढाच जाड.
पैसा मी खडूच्या डबीत टाकला.
शाळा उघडल्यावर कुणीतरी विचारणारच
की बाई, याच्या मधलं कुठं गेलं?

ओकटी. रेंडू.
मूडूला तो जरा थांबला, मग फिरवला.
दांडी मी ढकलली.
अडली. तळहाताला रुतली.
अंग घातलं,
आणि टक.
सगळ्या कोंबड्या ओरडत बाहेर.

तात्यांनी एक दाणा तोंडात टाकला,
चावला, गिळला.
"उशिरा बसतीय. अर्धा आटा अजून."

मल्लेशमनं माझ्याकडं पाहिलं,
मग पाना उलटा करून
मूठ तात्यांपुढं धरली.
ते लगेच उठले नाहीत.
आधी धोतराला हात पुसले,
दोन्ही बाजूंनी, सावकाश,
बोटांच्या बेचक्यांतली साल निघेपर्यंत.