इंजिन थंड असताना

रुस्तावीच्या बाजारात आम्ही उजाडायच्या आत पोचलो.
गुरामकाकाचा हट्ट, इंजिन झोपेत गाठायचं.
एकदा का त्याला कुणी उठवून बसवलं
की कुठलंही इंजिन गोडच बोलतं.

नाकाला नाक लावून गाड्याच गाड्या,
काचेवर खडूने लिहिलेले आकडे.
कुठे अमेरिकेत आपटलेल्या, बोटीतून पोतीला उतरलेल्या,
इथे पत्रा ठोकून, रंग फासून
दाखवायच्या कार्यक्रमाला उभ्या केलेल्या.

पहिली पांढरी.
काकाने बोनेटवर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा.
"कोमट आहे," म्हणाला, आणि चालू लागला.
मागून विकणारा ओरडत होता, उन्हाने तापलीय हो!
ऊन अजून डोंगरापलीकडे होतं.

दुसरी काळी, मीटरवर ऐंशी हजार.
काका खाली वाकला, ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला.
रबर नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.
मीटरला पढवता येतं. या रबराला
काय बोलायचं ते कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

काका एका कानाने ठार बहिरा,
ट्रॅक्टरच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो इंजिनवर टेकवतो,
मूठ दातांत धरतो, डोळे मिटतो.
लोक हसतात.
तिसऱ्या गाडीचं इंजिन त्याला आवडलं, मला वाटतं,
कारण त्याने दात जरा जास्त वेळ आवळले.
मग गिअरच्या तेलाची कांडी ओढली, माझ्या रुमालाला पुसली :
तपकिरी. बुडाला लागलेल्या घेवड्याचा वास.
"इंजिन घोडा आहे," म्हणाला, "पण खोगीर जळलंय."

मला वास पुरे होता.
मागच्या फेब्रुवारीत एन्गुरीच्या वळणावर
माझ्या जुन्या गाडीला हाच वास आला होता.
इंजिन ओरडत होतं, चाकं ऐकत नव्हती,
मागच्या सीटवर नातेला होती, दिवस भरलेली.
मी सुईण आहे. मूल माझ्या हातात आलं, रडलं,
आता बसायला लागलंय.
नातेलाचं मी बाजारात कुणाला सांगत नाही.

चौथी पजेरो. शेवाळी रंगाची, एक दिवा तडकलेला.
मालक मालखाझ, पाव भाजणारा,
शिवणींत पीठ, आत कालच्या पावाचा वास.
आम्ही काही विचारायच्या आत म्हणाला,
"थंडीत दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना एकदा अडते.
गरम झाली की नाही अडत.
मागची डावी काच उघडत नाही.
अजून... हां, रेडिओला एकच स्टेशन लागतं."

बोनेट बर्फासारखं गार.
कांडीवर तेल लाल, डाळिंब पिळल्यासारखं.
काकाने मूठ दातांत धरली, आणि
बाजारात पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"चढावर मागे हाक," मला म्हणाला.
"पुढे जाताना सगळेच शूर."
मी रिव्हर्स टाकला, कचऱ्याच्या ढिगामागचा तो चढ,
ती कुरकुरली नाही, थरथरली नाही,
पाठमोरी चढली, म्हातारी जिना चढते तशी, सावकाश.

किमतीवर तासभर भांडण झालं. काका दोनदा रुसून निघून गेला.
मालखाझने शेवटी शंभर लारी सोडले
आणि वर एक पाव दिला, अजून ऊन.

परतीला काका झोपला, बहिरा कान माझ्याकडे करून.
झुग्दिदी मागे पडलं, रस्ता वर उचलायला लागला.
वळणाच्या अलीकडे मी थांबले, इंजिन बंद केलं,
पावाचा तुकडा तोडला, नदीकडे बघत बसले.
थंडी होती. बराच वेळ गेला असावा.

मग किल्ली फिरवली.
पहिला. दुसरा.
तिसऱ्याच्या उंबऱ्यावर ती अडली, त्याने सांगितलं होतं तशीच.
मी पाय दाबला नाही.
मोजत राहिले, कळा येताना मोजते तसं :
एक, दोन,