पुढचा भाग

देवगडपासून आत, पंचवीस वाव पाण्यात
सिनेमा अडकला.
दारात माणूस, हातात सुरा,
आत ती, कणीक मळत.
आणि मधोमध फिरणारं ते गोल चक्र.

रेंज गेली.
एका मोबाईलवर वाकलेली चार डोकी
तशीच राहिली थोडा वेळ,
गळाला लागलेलं सुटावं तशी.

मुनाफ म्हणाला, वाचते ती. लाटणं आहे ना जवळ.
दिलबहादूर म्हणाला, तो तिचा भाऊच,
सुरा परत द्यायला आलाय.
काशीराम तांडेल सुकाणूवरून खेकसला,
"मरांदे तिका. निजा.
चाराक जाळा ओढूचा हा."

कुणीतरी हसलं. मग इंजिनच तेवढं बोलत राहिलं.

तीनच्या सुमारास
मी पाणी द्यायला गेलो, तर
समोरच्या काळोखावरची नजर न काढता
त्यानं हळूच विचारलं,
"घरात तिचा पोर होता काय रे?"

सकाळी बंदराच्या दिव्यापाशी रेंज आली.
सगळे बांगडा निवडत होते.
बर्फाच्या खणावर बसून
मी एकट्यानं शेवट बघितला.

सांगितला नाही कुणाला.
सांगितला असता
तर मुनाफची बाई मेली असती.