रुमालाखाली

पूर्वी यार्डात हळदीचा भाव
रुमालाखाली ठरायचा.
वर दोन चेहरे, इकडच्या तिकडच्या गप्पांत,
खाली बोटं.
वडील समोरच्याचा अंगठा दाबून शेकडा सांगायचे
आणि वर विचारायचे, मुलगी नांदतेय ना नीट?

हे मला आठवलं मिरजेत,
मुजावर डॉक्टरीणबाई कागदावर
घेवड्याचे दोन दाणे काढून
त्यांना टोप्या घालत होत्या तेव्हा.
डावी टोपी फुगलीय, म्हणाल्या. सुपारीएवढी गाठ.
ती रक्तात भीती सोडते,
तिला वाटेल तेव्हा.

चार वर्षं.
जेवताना, दाढी करताना, काट्यावर पोतं चढवताना
एकदम कुणी मागं लागल्यासारखं.
सदरा ओलाचिंब, डोकं फुटायला आलेलं,
आणि वळून बघावं तर
हळदीची थप्पी.
त्रिशलानं मीठ-मोहरी ओवाळली.
भावानं गुपचूप माझ्या वह्या तपासल्या:
एवढा घाबरतोय म्हणजे कुठंतरी पैसे खाल्लेत.

टेबलावर उजव्या कुशीवर निजवलं,
पोटात वारा भरला, चार-पाच भोकं पाडली.
हे नंतर ऐकलेलं.
यंत्राचे हात माझ्यावर वाकलेले
आणि बाई दहा पावलांवर कोपऱ्यात,
चपला काढून, पडद्यात डोकं खुपसून.
माझ्यावर हिरवी चादर.
चादरीखाली बोटं.

गाठीला नुसता धक्का लागला
की दाब दोनशे वीस.
मग हात आखडायचा, थांबायचं,
भूलवाले ‘हं’ म्हणेपर्यंत.
शेवटी शीर सापडली, गव्हाच्या काडीएवढी.
तिला चिमटा बसला
आणि दाब कोसळला,
आवक वाढल्यावर भाव कोसळतो तसा.

सौदा कितीला तुटला, मला कुणी सांगितलं नाही.
बिल भावानं भरलं.
वह्यांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

आता मी शांत असतो. इतका,
की त्रिशला रात्री उठून
माझ्या नाकाशी हात धरते.

परवा कृष्णेचं पाणी
आयर्विन पुलापाशी चढत होतं.
धाकटी क्लासहून आली नव्हती,
फोन बंद.
छातीत धडधडलं.
मी ओट्यावर बसून राहिलो, हात छातीवर.
ही उजवी असणार. एकटीच उरलेली.
किती जपून खर्च करते.

मग जिन्यात चपला वाजल्या,
ओल्या.