दोन दांड्या

मोखोटलोंगच्या शाळेत न्थातिसीनं
डोंगल खिडकीच्या गजाला बांधलाय,
मागे ॲल्युमिनियमची चाळणी.
वायर आखूड, म्हणून लॅपटॉपही खिडकीशी
आणि ती उभीच, घोंगडी लपेटून.

परीक्षेचे एकतीस अर्ज. मुदत रात्री बारा.
चाळणी बोटभर डावीकडे:
एक दांडी.
अजून जरा. गेली.
पहारेकरी मोलेफी म्हणतो, चाळणीत कधी पाणी राहतं का?
पाणी नकोय मला. सरक तिकडे.

मग दोन दांड्या, आणि मेसेज:
दक्षिण आफ्रिकेत आपले स्वागत आहे.
रोमिंगचे दर वेगळे.

ती हसत नाही.
कड्यापलीकडच्या त्या देशात
नवरा खाणीत गेला त्याला नऊ वर्षं झाली.
त्याला कुणी असं
या म्हणालं होतं का,
हे विचारायचं राहूनच गेलं.

मेगाबाइट मोजत एकेक नाव पाठवते.
लिनेओ. त्शेपिसो. दोन्ही मोत्लात्सी.
सव्विसाव्याला बॅलन्स संपतो.

मोलेफी खिशातून चुरगळलेलं रिचार्ज कार्ड काढतो,
नाण्यानं खरवडतो,
आकडे मोठ्यानं वाचतो,
सात की एक,
स्क्रीनच्या उजेडात धरून.