पेल्याखालची

शुक्रवार. दरबातच्या वाटेवर, धुक्यात,
उंटांनी खालून कुरतडलेल्या झाडांखाली
विश्रामला दिसल्या: सात, पांढऱ्या, छत्र्या उघडून.
"रोवणं!" तो असा ओरडला
की गाडीतला ओमानी फोरमनसुद्धा उतरून आला.
बुटाच्या टोकाने त्याने एक हलवून पाहिली,
मान हलवली
आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

सलालात या भुरभुरीला खरीफ म्हणतात.
आमच्याकडे खरीप सातबाऱ्यावर असतो,
इथे तो चष्म्यावर.

खोलीत आल्यावर मी एक हातात घेतली.
रोवणाचं मूळ लांब, वारुळात शिरलेलं;
बोटांनी उकरत जा, संपत नाही, शेवटी तुटतं.
हिचं बूड कांद्यासारखं, तिथल्या तिथे आटपलेलं.
टोपीला मधोमध टोक नाही.
तपकिरी खवले, जखमेने खपली धरावी तसे.
आणि देठाला कडं,
चिमटीत धरलं तर वरखाली सरकतं,
वाळलेल्या बोटातल्या अंगठीसारखं.

"वास तर तोच आसा," विश्राम म्हणाला.
त्याचा कांदा चिरून झाला होता.
वास तोच होता. तेच तर.

खालच्या पात्या पांढऱ्या. अजून तरी.
म्हणून एकीचा देठ छाटला,
टोपी ठेवली पगाराच्या पावतीच्या कोऱ्या पाठीवर,
वर स्टीलचा पेला.
सकाळपर्यंत थांबा, म्हटलं सगळ्यांना.
रात्री डाळच झाली. विश्राम बोलला नाही.

पहाटे पेला काढला, टोपी उचलली.
कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा,
बारीक भुकटीचा, शेवाळी हिरवा.
गावात असताना हिरव्याला
मी कधी काही विचारलं नव्हतं.

मग वर्तमानपत्रावरच्या मोजल्या. सहा.
पुन्हा मोजल्या. सहाच.
तेल सांडल्यागत पोटात काहीतरी पसरलं.
अंधारात एकेका खाटेशी गेलो,
नाकाशी हाताची पाठ धरली:
मतीन, शिबू, थोरला राणे,
विश्राम. कपाळावर घाम, पण तो रोजचाच.
त्याने एक डोळा उघडला.
"काय झाला रे?"

तेव्हा दिसली, माझ्याच दुसऱ्या हातात,
सातवी,
पेल्याखालची.

"काय नाय. नीज."

सहाला हॉर्न वाजला.
पावती अजून पाकिटात आहे, ठसा थोडा पुसट,
मागे आकडे.
विश्राम अजून येईल त्याला सांगतो
की मी चांगली रोवणं फेकून दिली.