ळ

मी इथं मराठी शिकवते, आठवी ते दहावी.
सटाण्याहून सव्वासातची एस.टी.,
मालेगावात मोसम पुलाजवळ उतरायचं,
पुढं गल्ली, आणि गल्लीभर साचे.
खटॅक खट, खटॅक खट.
इथली माणसं प्रेमानंसुद्धा ओरडूनच बोलतात.

फाटकाशी जुलेखा आपा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
"बाई, आज उशीर?"
वेळेत आले तरी हेच.

फजरनंतर मुली पुढंमागं डुलत पाठ करतात,
मग चहा, खारी,
मग त्याच सतरंजीवर प्रकाशाचं अपवर्तन
आणि दुसऱ्या तासाला माझी शब्दयोगी अव्ययं.

अदीबाकडं वही एकच, दोनशे पानी.
उजवीकडून उघडली की तफसीर,
डावीकडून माझं व्याकरण, त्याखाली बीजगणित.
"दोन वह्या का नाही गं?"
"पगार गुरुवारी होतो, बाई."
तेव्हा जून होता. मी पुन्हा विचारलं नाही.

ती 'फळ' म्हणायची तर 'फल' यायचं.
जीभ मागं वळव, टाळूला लाव, मी म्हणायचे.
एकदा म्हणाली, आता तुम्ही ऐन म्हणा.
घशातून. अजून आतून.
मला ठसका लागला.
अख्खा वर्ग हसला, दाराआडून आपासुद्धा.

सराव परीक्षेच्या आठवड्यात शेवटची गाडी चुकली,
राहिले मुलींबरोबर, लोखंडी खाटेवर.
आवाजानं डोळा लागेना.
दोन वाजता लाईट गेली, साचे थांबले,
आणि चाळीसच्या चाळीस मुली
शांततेनं दचकून उठल्या.
कुणी पुटपुटू लागली. धाकटी एक रडली.
अदीबा खिडकीशी जाऊन उभी राहिली.
"अब्बा आता पाणी पीत असतील," म्हणाली.
तीन गल्ल्या पलीकडं तो कारखाना,
तिथंच ते झोपतात, अम्मी गेल्यापासून.
मग बोटं मोजत राहिली,
थांबलेल्या वेळात किती मीटर गेलं ते.
लाईट आली. खटॅक खट.
मिनिटभरात सगळ्या गाढ.
मी सकाळपर्यंत जागी.

काल वह्या तपासायला घेतल्या.
तिच्या वहीत आता मधली चारच पानं उरलीत,
उजवीकडून उर्दू येतेय, डावीकडून मराठी.
एका पानावर साबण, खोबरेल, पिनांचा हिशेब.
त्याच्या पाठीमागं अर्ज.
मी अर्जलेखन शिकवलंय, पण हा गृहपाठ नव्हता.

विषय : अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश मिळणेबाबत.

दोन ऱ्हस्वदीर्घ चुकलेत. तारीख नाही.
पालकांची सही, त्यापुढं कोरं.
लाल पेन उघडलं होतं मी, झाकण परत लावलं.
'मिळणेबाबत'मधला ळ
तिनं पेन्सिलनं काढून, वरून शाईनं
दोनदा गिरवलाय.